पोटाचं इरजण

पिंपळमळ्यात येऊन संजीवनी गावडे कुठं राहतात असं विचारलंत, तर समोरचा माणूस आधी डोकं खाजवेल. ‘आ-कर ताई’ म्हणा, शेंबडं पोरसुद्धा दारापर्यंत सोडायला येईल. बारामतीजवळ कन्हेरी गावाच्या पुढं कालव्याच्या कडेनं गेलं की साठ-सत्तर उंबऱ्यांची ही वस्ती लागते. संजीवनी तिथली आशाताई. गरोदर बायांची नावं घालायची, लसीच्या दिवशी पोरं गोळा करायची, टीबीच्या माणसाला रोजची गोळी द्यायची, ही कामं ती सोळा वर्षं करतेय. गोळी हातावर ठेवून पुढच्या घरी जाणं तिला जमत नाही. ती समोर उभी राहते. गिळली असं माणूस म्हणाला की सांगते, “आ कर.” जीभ वर, जीभ खाली, गालात काही दडवलेलं नाही ना, एवढं बघूनच ती पिशवी खांद्याला लावते. वयानं मोठी माणसंही तिच्यापुढं मुकाट तोंड उघडतात, आणि मागून नावं ठेवतात.

ही खोड तिला उगीच लागलेली नाही. नवीन असताना गेणू नावाचा एक टीबीचा पेशंट तिच्याकडं होता. गोड बोलणारा, रोज चहा विचारणारा. ती गोळी द्यायची, तो तोंडात टाकायचा, ती वहीत ‘घेतली’ असं लिहायची. तीन महिन्यांनी गेणू गेला. दहाव्यानंतर त्याची बायको गोठ्याच्या वळचणीला सापडलेला एक डबा घेऊन तिच्या दारात आली. डब्यात गोळ्या होत्या. संजीवनीनं ती जुनी वही अजून ठेवली आहे, आणि ‘घेतली’ हा शब्द लिहिताना आजही तिचा हात क्षणभर थांबतो.

एवढ्या कडक बाईला नमवणारं माणूस घरात एकच होतं. तिची मुलगी प्रगती, वय वर्षं नऊ. लग्नाला अकरा वर्षं होऊन गेल्यावर झालेली, एकुलती एक. खो-खोत तिला पकडणं शाळेत कुणाला जमायचं नाही, पण ते फाल्गुन-चैत्रात. पावसाळा लागला की कालव्याच्या दोन्ही कडांना गाजरगवत कमरेइतकं माजतं, त्याला पांढरी बारीक फुलं येतात, आणि प्रगतीचं गणित तिथं बिघडतं. एकामागून एक वीस-वीस शिंका, डोळे लालबुंद, आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज. श्रावणापासून दिवाळीपर्यंत पोरीचा खेळ बंद. दुसऱ्यांच्या पोरांना औषध देऊन संजीवनी घरी यायची आणि आपली पोर उशीला टेकून श्वास ओढत बसलेली बघायची. तिला त्या वेळी कामाचा, वहीचा, सगळ्याचाच राग यायचा.

बारामतीत मुलांच्या डॉक्टर आहेत, सबिना तांबोळी. मूळच्या इंदापूरच्या, बोलायला मोकळ्या. प्रगतीला धापेवर तोंडानं ओढायचा औषधाचा पंप त्यांनीच सुरू केला होता. दोन वर्षं खटपट करून त्यांनी एका अभ्यासाची परवानगी मिळवली. तीन वस्त्या निवडल्या. एक पिंपळमळा, एक एमआयडीसीच्या पलीकडची, आणि एक इंदापूर तालुक्यात नरसिंहपूरच्या वाटेवरची, म्हणजे संजीवनीच्या माहेराकडची. प्रत्येक वस्तीतली चौदा मुलं, सगळी शिंकणारी आणि धाप लागणारी. त्यांना चार महिने रोज एक पुडी द्यायची. पुडीत जिवंत जिवाणू, दह्यात असतात त्याच जातकुळीतले.

शाळेच्या ओसरीवर आयांना बसवून डॉक्टरांनी समजावून सांगितलं. “तुमच्या दारात कुत्रं असतं ना? चोरावर भुंकलं तर चांगलं. पण एखादं कुत्रं पाहुण्यावर, दूधवाल्यावर, पोस्टमनवर, सगळ्यांवरच धावून जातं. शरीरातसुद्धा असे राखणदार असतात. रोगाच्या जंतूवर त्यांनी धावून जायलाच हवं. पण गवताच्या फुलाची धूळ काही चोर नाही. तिच्यावर ते धावले की नाक वाहतं, छाती आवळते. त्यालाच ॲलर्जी म्हणायचं. आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. त्यातले काही या राखणदारांना शांत राहायला शिकवतात, असं काही अभ्यासांत दिसलंय.”

“दिसलंय म्हंजी पक्कं हाय का?” मागून आवाज आला. हा आवाज रंगूबाईचा. वय सत्तरीच्या पुढं, नात अभ्यासात म्हणून आलेली.

“पक्कं असतं तर अभ्यास कशाला केला असता, आजी?” डॉक्टर म्हणाल्या. “काही ठिकाणी फायदा दिसला, काही ठिकाणी नाही. जिवाणूची जात बदलली की गुणही बदलतो. म्हणून निम्म्या पुड्यांत जिवाणू आहेत, निम्म्यांत नुसती पूड. पुडीवर फक्त मुलाचा नंबर. कुणाला काय मिळालं हे मला कळणार नाही, तुम्हाला कळणार नाही, ताईंनाही कळणार नाही. शेवटी पुण्याहून उलगडा होईल. आधीच कळलं तर मन फसतं. खरी पुडी मिळाली असं वाटलं की माणसाला बरंच वाटायला लागतं.”

 मग एकीनं पदर सावरत विचारलं, “पर जंतू पाजायचं व्हय पोरास्नी?”

ओसरीवर कुजबुज सुरू झाली. आता दोन-चार जणी उठणार, मग सगळ्याच उठणार, हे संजीवनीनं ओळखलं. ती पुढं झाली आणि आपल्या ठसक्यात म्हणाली, “अगं बायांनो, जंतू कसलं? इरजण समजा. दुधाला लावतो तसं, पोटाला लावायचं इरजण!”

बाया हसल्या. विरजण म्हटल्यावर कशाची भीती? चौदाच्या चौदा अंगठे-सह्या तिथल्या तिथं झाल्या. डॉक्टरांनी ते वाक्य कौतुकानं आपल्या वहीत टिपून घेतलं. सगळा घोळ त्या एका शब्दानं केला, पण तो पुढं.

रोज सकाळी संजीवनी चौदा घरं फिरायची. पुडी कोमट पाण्यात, पाणी पोटात, आणि मग ठरलेलं आ कर. रविवारी तिची सुट्टी, त्या दिवशीची पुडी आयांनी आपापली द्यायची. प्रगतीलाही नंबर होता, नववा. डॉक्टरांनी तिला अभ्यासात घेताना संजीवनीला बाजूला बोलावून विचारलं होतं, “तुमचीच मुलगी आहे. वहीत मन आड येणार नाही ना?” संजीवनी म्हणाली होती, “मॅडम, माझी वही तुमी बघितली न्हाय अजून.”

आणि खरंच, भाद्रपद लागला तशी प्रगती सुधारायला लागली. शिंका विसावरून पाच-सहावर आल्या. पंप लागायचा, पण कधीमधी. सहा आठवडे पोरीच्या छातीतली शिट्टी ऐकू आली नाही. एकदा संध्याकाळी ती अंगणात शिवाशिवी खेळताना दिसली, भर गाजरगवताच्या दिवसांत, आणि संजीवनी भाकरी थापायची थांबून नुसती बघत राहिली. भाकरी करपली. तिला त्या दिवशी कुणी काहीही मागितलं असतं तर तिनं देऊन टाकलं असतं.

दसऱ्याच्या आधीच्या मंगळवारी ती सायराबानूच्या घरी गेली. सायराबानूचा नवरा दस्तगीर मुलाणी, वस्तीत त्याचं किराणा दुकान. त्यांची मुलगी आफरीन सहावीत. पाणी पिऊन आफरीननं न सांगताच तोंड उघडून दाखवलं. सायराबानू कौतुकानं म्हणाली, “ताई, आमच्या आफरीनची पुडी खरी निघाली म्हणून बरं झालं बघा. न्हायतर त्या सहा पोरांना दही कुठनं मिळालं असतं?”

“कसलं दही?”

सायराबानूनं जीभ चावली. “तुमाला म्हाईत न्हाय? तुमची परगती तर रोज खाती.”

संजीवनी पिशवी तशीच खांद्याला लावून रंगूबाईकडं निघाली. पिंपळमळ्यात रंगूबाईला सगळे आक्का म्हणतात. दह्याच्या बाबतीत त्या वस्तीत आक्काच्या शब्दापुढं कुणाचं चालत नाही. कुणाचं विरजण मोडलं, आंबट झालं, की वाटी घेऊन तिच्या दारात जायचं. ती कुणाला नाही म्हणत नाही. मात्र दिवस मावळायच्या आत. दिवे लागल्यावर सख्ख्या लेकीनं मागितलं तरी ती विरजण देत नाही, घरातली बरकत जाते म्हणते.

आक्का ओट्यावर वाटाणे सोलत होती. विचारल्यावर तिनं काही लपवलं नाही. उलट ती खुलली.

“तूच म्हणलीस न्हवं का, पोटाचं इरजण? मग म्हणलं, इरजण असंल तर दुधाला लागंल. न लागाय काय झालं? तिसऱ्या रविवारी समद्यांच्या पुड्या मागवल्या. दूध चांगलं तापवून गार केलं, चौदा वाट्या मांडल्या ह्या हितं. एकेकीत एकेक पुडी. वाटीखाली ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी, आफरीनकडनं लिवून घेतली. सोमवारी बघतीय तर आठ लागल्या, सहा तशाच पानीपानी.” तिनं वाटाण्याची शेंग मोडली. “माजी नात आठात. तुजी परगती सहात.”

संजीवनी ओट्याच्या पायरीवर बसली. नववा नंबर, नुसती पूड. ती रोज सकाळी कोमट पाण्यात काय ढवळत होती हे तिला आता कळलं, आणि कळायला नको होतं.

“त्वांड पाडू नगंस,” आक्का म्हणाली. “सहा लेकरांनी काय पाप केलंया? आफरीनची वाटी समद्यात झ्याक लागली व्हती. तिचंच इरजण धरून मोठ्या गाडग्यात लावलं. पयल्यांदा पातळ झालं, मग बसलं मस्त. तवापासनं शाळा सुटली की सहा बी पोरं हितं येत्यात, वाटीभर खात्यात. तुजी बी येती. बघ की, कशी घोड्यावानी पळाय लागली.”

“आक्का, मला का न्हाय सांगितलं?”

“तुला सांगितलं असतं तर तू वहीत लिवलं असतंस,” आक्का सरळ म्हणाली.

त्या संध्याकाळी संजीवनीनं सगळं दादासोला सांगितलं. दादासो तिचा नवरा, एमआयडीसीतल्या दुधाच्या कारखान्यात कामाला. तो हातपाय धुऊन टॉवेल खांद्यावर टाकून ऐकत होता. ऐकून म्हणाला, “मग काय झालं? पोरगी बरी हाय. गप बस.”

“अवं, आठ पोरांना ते पुडीतनं मिळतंय, सहांना वाटीतनं. मॅडम शेवटी दोन्ही बाजू ताडून बघणार. फरकच दिसणार न्हाय. त्या म्हणतील, खऱ्या पुडीचा काय उपेग न्हाय. ज्यानं परगती बरी झाली तेच खोटं ठरणार, आन दुसऱ्या कुणाच्या लेकराला ते मिळायचंच न्हाय.”

दादासोला हे लगेच कळलं. कारखान्यात एका टाकीतलं दुसऱ्या टाकीत मिसळलं की कितीही हळहळ वाटली तरी माल बाजूला काढतात, हे तो रोज बघत होता. पण बाप होता तो. “आन मॅडमनी दही बंद करा म्हणलं तर?” त्यानं विचारलं.

संजीवनी उठून दारात जाऊन उभी राहिली.  गाजरगवत अजून महिनाभर फुलणार होतं. सांगितलं तर पोरीचं दही जाईल, आणि न सांगावं तर वही उघडताच गेणू आठवेल. बाहेर प्रगती चुलतबहिणीच्या मागं पळत होती. “आई, मी दमलेच न्हाय!” ती ओरडली.

दुसऱ्या दिवशी संजीवनीनं सोळा वर्षांत केलं नव्हतं ते केलं. आक्काकडं जाऊन, प्रगतीला घरी द्यायचंय असं खोटं सांगून वाटीभर दही मागून घेतलं, ते स्टीलच्या डब्यात भरलं आणि दादासोच्या मोटरसायकलवर मागं बसून बारामतीला गेली. कामावर निघालेल्या मोटरसायकलींच्या रांगेत तिनं डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता.

डॉक्टर तांबोळींनी सगळं ऐकलं. संजीवनी म्हणाली, “आठ लागल्या, त्यात आफरीन आन...” तेवढ्यात डॉक्टरांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. “नावं नको! एकही नाव सांगू नका! बाकीच्या अठ्ठावीस जणांकडं मला स्वच्छ नजरेनं बघायचंय.” मग हात खाली आले. चेहरा उतरला होता. बेचाळीसातली चौदा मुलं गेली. दोन वर्षांची खटपट, त्यातला तिसरा हिस्सा एका ओट्यावरच्या वाट्यांत बुडाला होता.

“आजींच्या डोक्यात हे आलं कसं?” डॉक्टरांनी विचारलं.

“माझ्यामुळं,” संजीवनी म्हणाली. “मीच म्हणाले होते, पोटाचं इरजण.”

डॉक्टर तिच्याकडं बघत राहिल्या आणि अचानक हसायला लागल्या. हसताना त्यांच्या डोळ्यांत पाणीही आलं. “आणि मी ते छान म्हणून वहीत लिहून घेतलं! इंदापूरची पोर मी. माझी दादी रोज विरजण लावायची. दुधाच्या मुलखात जिवंत पुडी वाटतोय, कुणीतरी ती दुधात टाकणारच, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. चूक निम्मी माझी आहे.”

संजीवनीनं डबा टेबलावर ठेवला. जे विचारायला ती आली होती ते शेवटी ओठांवर आलं. “मॅडम, परगतीचं दही बंद करू का?”

“कशाला? घरचं स्वच्छ दही आहे, तिला दुधाचा त्रास नाही. आणि तुमची मुलं आता अभ्यासात नाहीतच. खाऊ द्या. पंप मात्र माझ्याशिवाय बंद करायचा नाही. आणि ताई, ती दह्यानंच बरी आहे असं मी म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका.” दही तपासायला पाठवायचं म्हणून डॉक्टरांनी डबा जवळ ओढला. “तुम्ही गप्प बसला असतात तर मला कधीच कळलं नसतं.”

एवढं ऐकल्यावर आ-कर ताई, जिच्यापुढं गावातले दांडगे पुरुष तोंड उघडतात, ती तिथंच पदरात तोंड घालून रडली.

गावात मात्र कौतुकाला कुणी नव्हतं. पुड्या बंद झाल्या. खऱ्या पुडीवाल्या आठजणींना वाटलं, हिच्यामुळं आमचं गेलं. खोट्यावाल्या म्हणाल्या, आमाला तर मिळालंच न्हवतं. आणि आक्कानं बोलणंच टाकलं. तिला राग सांगितल्याचा नव्हता. “माजं इरजण तपासाय न्हेलं,” ती ज्याला त्याला सांगायची. “परगतीला म्हणून मागितलं आन न्हेलं डबा भरून, चोरावानी. आजपातुर माज्या इरजणाला कुणी नाव ठिवलं न्हवतं.” संजीवनी दारावरून गेली की ती मान वळवायची. प्रगतीला मात्र रोजची वाटी चुकली नाही. पोरीवर राग काढायची तिची रीत नव्हती.

दिवाळीनंतर पुण्याच्या प्रयोगशाळेतून निकाल आला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं ते संजीवनीनं दोनदा विचारून घेतलं. डब्यातल्या दह्यात पुडीतला जिवाणू नव्हताच. नावालासुद्धा नाही. होते ते पिंपळमळ्यातले जुनेच, रांगडे, झपाट्यानं वाढणारे.

ती तशीच आक्काच्या दारात गेली. “आक्का, माझ्याशी बोलू नका, पण एवढं सांगा. आफरीनच्या वाटीतल्या इरजणात तुमी दुसरं काय घातलं?”

आक्कानं भिंतीकडं बघत उत्तर दिलं. “काय घालायचं? आपल्यातलं इरजण, चमचाभर. लई पातळ व्हत हुतं ते, शेंबडावानी. लोकांच्या पोरास्नी तसलं द्यायचं म्हंजी शोभतंय का?”

म्हणजे आक्काच्या विरजणानं पुडीतल्या पाहुण्याला पहिल्याच आठवड्यात बाहेर काढलं होतं. सहा पोरांनी दोन महिने जे खाल्लं ते पिंपळमळा पिढ्यान्‌पिढ्या खात आला तेच दही. डॉक्टरांना कळवल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणूनच सांगत होते, सगळे जिवाणू सारखे नसतात. एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर घालता येत नाही.”

मग प्रगती बरी कशानं झाली? संजीवनीनं वही काढली आणि पहिल्यांदाच आई म्हणून नाही, ताई म्हणून वाचली. दही खाणाऱ्या बाकीच्या पाचांत दोघं तशीच शिंकत होती. आनंदाच्या भरात तिनं ते लिहिलं होतं, पण बघितलं नव्हतं.

चार दिवसांनी ती प्रगतीला आणायला शाळेत गेली आणि सवयीनं कालव्याच्या वाटेला वळली. प्रगतीनं हात मागं ओढला. “आई, हिकडनं न्हाय. मी आक्काच्या बोळानं जाती.”

“कधीपासनं?”

“दही खायला लागले तवापासनं. सकाळी जाताना बी, आक्काच्या नातीसंगं. बोळानं आक्काचं घर आधी लागतंय ना.”

संजीवनी वाटेच्या तोंडाशी उभी राहिली. कालव्याच्या दोन्ही अंगांना वाळत चाललेलं गाजरगवत, मधून जेमतेम पाऊल मावेल एवढी वाट. तीन वर्षं तिची पोर दिवसातून दोनदा त्यातून अंग घासत चालली होती. आक्काचं दही असो नसो, आक्काच्या ओट्यानं तिला त्या वाटेवरून उचलून दुसऱ्या वाटेला लावलं होतं. डॉक्टरांना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, असेलही, पण एका मुलीवरून ठरवता येत नाही. संजीवनीनं वहीत लिहिलं, ‘वाट बदलली’. पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

पुढच्या पावसाळ्यात, फुलं यायच्या आधीच, ती खुरपं घेऊन कालव्यावर गेली. हातमोजे, तोंडाला फडकं. पहिल्या दिवशी एकटीच. दुसऱ्या दिवशी सायराबानू आली, मग आणखी सहा-सातजणी. दहा दिवसांत शाळेपर्यंतच्या दोन्ही कडा मोकळ्या झाल्या. आक्का आली नाही, पण नातीच्या हातून ताकाची कळशी आली. कुणी पाठवली हे नातीनं सांगितलं नाही, तसंच तिला बजावलेलं होतं.

गणपती उठले आणि डॉक्टर तांबोळी हातात छापील कागद घेऊन शाळेच्या ओसरीवर आल्या. अभ्यास संपला होता. पुडी घेणाऱ्यांचं नाक थोडं कमी वाहिलं, धाप मात्र फारशी हटली नाही, मुलं थोडी होती, पुन्हा मोठ्या प्रमाणावर करायला हवं, असा निकाल. बायांना तो जरा मिळमिळीत वाटला. मग डॉक्टर म्हणाल्या, “तुमच्याबद्दलही यात आहे,” आणि इंग्रजी कागदावरून मराठीत वाचून दाखवलं. “‘एका वस्तीतली चौदा मुलं मोजणीतून वगळली, कारण घरच्यांनी पुड्या दुधात विरजून कुणाला काय मिळालं हे ओळखलं. ही गोष्ट तिथल्या आरोग्यसेविकेनं स्वतःहून कळवली.’”

ओसरीवर हशा पिकला. संजीवनी हसली नाही. शेवटचं वाक्य तिनं मनात पुन्हा म्हटलं, स्वतःहून कळवली. तिला गेणूच्या बायकोच्या हातातला तो डबा आठवला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो आठवताना तिची मान खाली गेली नाही.

“माजं नाव कुठाय त्यात?” मागून आवाज आला. “वाट्या म्या मांडल्या, दूध माजं. घरचं म्हनं! कुनाच्या घरचं?”

“आजी, कागदात नावं घालायची नसतात,” डॉक्टर म्हणाल्या.

“मग हिचं बी न्हाय ना?” आक्कानं संजीवनीकडं बोट केलं. नाही म्हटल्यावर तिचं समाधान झालेलं दिसलं.

त्याच दिवशी संजीवनीच्या घरचं विरजण मोडलं. वर्षभर संजीवनी ते सायराबानूकडून आणायची. आज पाय आक्काच्या बोळाकडं वळले. पोचेपर्यंत दिवस मावळला होता. आक्का देवापुढं दिवा लावून नुकतीच उठली होती. संजीवनीच्या हातातली रिकामी वाटी तिनं बघितली.

“दिवं लागलं. आता इरजण मिळायचं न्हाय.”

“ठाऊक हाय, आक्का. सकाळी येते.” संजीवनी वळली.

“थांब.” आक्का आत गेली. परत आली ती गाडगं काखेत आणि चमचा हातात घेऊन. “घिऊन जाऊ नगंस म्हणलं. हितं खाऊ नगंस, असं कुठं म्हणलं?” तिनं चमचाभर घट्ट दही काढून संजीवनीच्या तोंडासमोर धरलं.

“आ कर.”

संजीवनीनं तोंड उघडलं. दही गोड होतं, गार होतं. तिनं ते गिळलं.

“जीभ वर,” आक्का म्हणाली, आणि ती जीभ वर करेपर्यंत हलली नाही.